एका अ‍ॅम्प्लिफायरवर सगळी गाडी

(अंधार. इंजिन सुरू होतं. गाणं लागतं. गाण्याच्या मागे बारीक शिट्टी.)

गाण्याकडे लक्ष देऊ नका, त्याच्या मागचं ऐका. बारीक शिट्टी येतेय? आता मी अ‍ॅक्सिलरेटर दाबतो. इंजिन चढतंय तशी शिट्टीही चढतेय. गेले आठ महिने ही शिट्टी माझ्या गाडीत आहे. टेप बदलून झाला, पुढचे स्पीकर बदलून झाले, पण ती काही गेली नाही.

गाडी जुनी, छोटी. पुढच्या दारांत साडेसहा इंची स्पीकर आणि डिक्कीत दहा इंची बूफर. पेटीवर छापलेलं असतं वूफर, पण आपल्याकडे गॅरेजात त्याला बूफरच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणणार आहे. या सगळ्यांना मिळून चार चॅनलचा एकच अ‍ॅम्प्लिफायर. शिट्टीचं दुखणं तर होतंच, शिवाय आवाज जरा वाढवला की बूफर अचानक गप्प व्हायचा आणि अ‍ॅम्पवर लाल दिवा लागायचा. ज्यांनी तो बसवून दिला होता ते म्हणाले, एका अ‍ॅम्पवर एवढं चालत नाही, बूफरला वेगळा घ्या.

मी वेगळा घेतला नाही. गाडी घेऊन मामांकडे आलो.

(पत्र्याची शेड. डिक्की उघडी. गालिचा उचलला जातो.)

मामा गाड्यांची वायरिंग करतात. अ‍ॅम्पला त्यांनी हातही लावला नाही. आधी गालिचा उचलून काळी वायर कुठे जाते ते पाहिलं. ती एका स्क्रूखाली दाबलेली होती आणि स्क्रू सरळ गाडीच्या रंगावर बसवला होता. मामांनी गाणं लावायला सांगितलं. मीटरची एक पिन त्या काळ्या वायरवर ठेवली, दुसरी लांब वायरने बॅटरीच्या मायनसवर. मीटर ०.७ व्होल्ट दाखवत होता.

"इथे जवळपास शून्य दिसायला पाहिजे," मामा म्हणाले. "तुझी शिट्टी ही बघ, इथे बसलीय."

गाडीत प्लसची वायर बॅटरीपासून अ‍ॅम्पपर्यंत येते, पण परतीचा करंट गाडीच्या पत्र्यातून जातो. सगळी बॉडी म्हणजे एक मोठी मायनसची वायर. रंगातून वीज जात नाही. स्क्रूच्या आट्यांनी जेवढा पत्रा पकडला असेल तेवढ्याच चिंचोळ्या वाटेने हा करंट धक्के खात परत जातो. मग टेपचा मायनस आणि अ‍ॅम्पचा मायनस एका पातळीवर राहत नाहीत. ज्या आरसीए वायरीतून टेपचं गाणं अ‍ॅम्पकडे यायचं, तिच्या बाहेरच्या जाळीतून हा परतीचा करंट वाट काढतो आणि गाडीची वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरची भुणभुण गाण्यात मिसळते. अल्टरनेटर इंजिनाबरोबर फिरतो, म्हणून शिट्टी इंजिनाबरोबर चढते.

मामांनी पॉलिश पेपर घेतला. आधी वरचा रंग निघाला, मग करडा प्रायमर. शेवटी रुपयाच्या नाण्याएवढा पत्रा चांदीसारखा उघडा पडला. तिथे भोक, दाते असलेला वॉशर, वायरीच्या टोकाला दाबून बसवलेलं तांब्याचं थिंबल आणि आरपार बोल्ट. नट आवळल्यावर वरून ग्रीसचा हात. ग्रीस नसेल तर आपल्याकडच्या पावसाळ्यात तो उघडा पत्रा गंजायला वेळ लागत नाही, आणि गंज चढला की पुन्हा पहिले पाढे.

ही वायर किती लांब? एक हात. म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, दीडेक फूट. त्याहून लांब नको.

(तपकीर गल्ली. वायरींची वेटोळी.)

प्लसची वायरही बदलायची होती, म्हणून पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत आलो. काउंटरवर दोन वेटोळी. दोन्हींवर चार गेज लिहिलेलं (गेज म्हणजे जाडीचा आकडा, तो जितका लहान तितकी वायर जाड), जाडी सारखी, पण एकाची किंमत दुसऱ्याच्या निम्म्याहूनही कमी. दोन्ही हातांत घेतली आणि स्वस्त वेटोळं केवढं हलकं आहे ते कळलं. दुकानदाराला विचारून त्याची एक तार ब्लेडने खरवडली. वर तांब्याचा मुलामा, आत पांढरं अ‍ॅल्युमिनियम. अशी वायर त्याच जाडीच्या तांब्यापेक्षा साधारण दीडपट अडवते. ती वापरूच नये असं नाही, पण मग जाडी वाढवावी लागते.

हिशेब करून बघा. माझा अ‍ॅम्प दारांना दर चॅनल ७५ वॉट आणि बूफरला २०० वॉट देतो, म्हणजे एकूण ३५०. या जातीचा अ‍ॅम्प घेतलेल्या विजेपैकी बरीचशी उष्णतेत घालवतो. त्यामुळे पूर्ण जोरात बॅटरीकडून ४० अँपियरच्या आसपास करंट ओढला जातो. तेव्हा पाच मीटर तांब्याच्या चार गेज वायरीतच ०.१६ व्होल्ट खर्ची पडतो. आठ गेजची घेतली तर ०.४ व्होल्ट. ठेका पडला की हेडलाइट मिचमिचतात त्या गाड्यांत आधी वायरीची जाडी पाहावी.

(बॉनेट उघडं. फ्यूजची डबी जवळून.)

बॅटरीचं मायनस आधी सोडायचं, मग बाकीचं काम. आणि हा फ्यूज, ६० अँपियरचा. तोही बॅटरीपासून एका हाताच्या आत. हे मला अगदी कळकळीने सांगायचंय, कारण फ्यूज डिक्कीत अ‍ॅम्पजवळ लावलेल्या गाड्या मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. बॅटरीपासूनचा हा फ्यूज असतो वायरीसाठी. मधे कुठे वायरीचं कातडं पत्र्यावर घासून गेलं, तर बॅटरी आणि तो पत्रा यांच्यामध्ये फ्यूज हवा. नसला तर वायर लाल होते आणि गालिचा पेटतो. म्हणून इंजिनाच्या मागच्या पत्र्यातून वायर आत घेताना भोकाला ग्रोमेट, म्हणजे रबरी कडं, घालायचंच.

प्लसची वायर ड्रायव्हरच्या बाजूने मागे नेली आणि आरसीए दुसऱ्या बाजूने. टेपमागून येणारी पांढऱ्या रेघेची निळी बारीक वायर आरसीएबरोबरच गेली. टेप चालू झाला की ती अ‍ॅम्पला जागं करते.

(अ‍ॅम्पचे टर्मिनल. चार जोड्या.)

आता लाल दिव्याकडे येऊ. इथेच खरी गंमत आहे.

चार चॅनलपैकी एक आणि दोन दारांच्या स्पीकरना. उरलेले तीन आणि चार मिळून बूफर चालवतात, याला ब्रिज करणं म्हणतात. मोठा ओंडका कापताना करवतीच्या दोन टोकांना दोन माणसं असतात. एक ओढतो तेव्हा दुसरा सोडतो. तसंच इथे, एक चॅनल वर जातो त्या क्षणी दुसरा खाली, आणि बूफरला दुप्पट व्होल्टेज मिळतं. तीनचा प्लस आणि चारचा मायनस घ्यायचा, मधले दोन टर्मिनल रिकामे. माझ्या अ‍ॅम्पवर तशी रेघ छापलेली आहे. तुमच्यावर वेगळी असेल तर तुमची रेघ खरी. ब्रिजचा मायनस म्हणजे गाडीची बॉडी नव्हे, तो बॉडीला कधीही लागू द्यायचा नाही.

पण ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा, तो जितका कमी तितका अ‍ॅम्पवर ताण जास्त. आणि दोघं मिळून ओढतात तेव्हा प्रत्येकाला बूफरचे ओहम निम्मेच भासतात. चार ओहमचा बूफर प्रत्येक चॅनलला दोन ओहमचा वाटतो, आणि माझ्या अ‍ॅम्पची सहनशक्ती तिथे संपते. माझ्या बूफरला दोन कॉइल आहेत, दोन-दोन ओहमच्या. त्या पॅरलल जोडल्या की एक ओहम होतात, सिरीजमध्ये जोडल्या की चार.

मामांनी बूफर पेटीतून बाहेर काढला. प्लसला प्लस, मायनसला मायनस. पॅरलल. बिचारा अ‍ॅम्प आठ महिने एक ओहम ओढत होता आणि दम लागला की स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडत होता. त्यात दोष त्याचा नव्हता.

मामांनी एका कॉइलचा मायनस दुसरीच्या प्लसला जोडला. उरलेल्या दोन टोकांवर मीटर धरला. ३.६. मीटरवर ओहम जरा कमीच दिसतात, हे चारच समजायचे.

पेटी बंद करण्याआधी त्यांनी घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल त्या टोकांना टेकवला. बूफरचा पडदा टप्पकन बाहेर आला, म्हणजे प्लस-मायनस बरोबर. दारांचेही तसेच तपासले. एका दाराची वायर उलटी लागली तर एक स्पीकर हवा ढकलतो, दुसरा आत ओढतो आणि ठेका कुठे गेला ते कळत नाही.

पुढचं भराभर झालं. दारांसाठी फिल्टर ८० हर्ट्झच्या वरचं जाऊ देणारा, बूफरसाठी ८०च्या खालचं. बेस बूस्ट शून्यावर. गेन, म्हणजे टेपचा आवाज अ‍ॅम्पने किती वाढवायचा ते, मात्र कानाने लावला नाही. वॉटला ओहमने गुणायचं आणि वर्गमूळ काढायचं, तेवढे व्होल्ट मीटरवर यायला हवेत. ७५ गुणिले चार म्हणजे ३००, वर्गमूळ १७.३. २०० गुणिले चार, ८००, वर्गमूळ २८.३. स्पीकर सोडवले, टेपचा आवाज पाऊणावर ठेवला, दारांच्या चॅनलना १००० हर्ट्झचा सूर दिला, बूफरला ५०चा. मीटर एसी व्होल्टवर. पेचकस केसभर फिरवत मामा १७.३ला थांबले, मग २८.३ला. त्यापुढे गेलं की लाटेची टोकं कापली जातात आणि आधी बळी जातो तो ट्वीटरचा, म्हणजे उंच सुरांच्या बारक्या स्पीकरचा.

(गाडी सुरू. तबल्याचं रेकॉर्डिंग.)

डग्ग्यावर मनगट घासत जातं तो घुमारा ऐका. मागून येतोय असं वाटत नाही. दारांबरोबर समोरूनच येतो, डॅशबोर्डवर कुणी तबला घेऊन बसल्यासारखा. मी आवाज वाढवला. लाल दिवा लागला नाही. मामांनी खिडकीतून हात घालून गाणं थांबवलं आणि मला अ‍ॅक्सिलरेटर दाबायला सांगितलं. इंजिन चढलं. स्पीकरमधून काहीही आलं नाही.

गालिचा परत घालण्याआधी मामांनी खिशातला मार्कर काढला आणि बूफरच्या पेटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'सिरीज, ४ ओहम'.

"पुढे कुणी उघडली, तर त्याला कळायला पाहिजे," म्हणाले, आणि डिक्की लावली.