शिलिंगभर पगाराच्या मांजरी

(पडद्यावर: सयाजीबागेतील संग्रहालय, मग जुन्या वाड्याचा उंबरठा)

बडोद्याच्या संग्रहालयातील इजिप्तची ममी पाहायला आपल्यापैकी बहुतेक जण लहानपणी वडीलधाऱ्यांचे बोट धरून गेलेले असतील. तिथून रावपुऱ्यातल्या किंवा दांडिया बाजारातल्या वाड्यात परतावे, तर उंबरठ्यावर एखादी मांजर अंग चाटत बसलेली दिसे. धान्याच्या कोठीवर आणि मोडी कागदांच्या रुमालांवर उंदरांचा डोळा असे, म्हणून मांजर घरात हवीच असे. परंतु तिच्या वाटीभर दुधाचा खर्च कीर्दीत मांडण्याची रीत नव्हती, आणि त्यामुळे त्या मांजरींची नावे आज आपल्याला सांगता येत नाहीत.

लंडनमध्ये मात्र हा खर्च सरकारी कागदावर चढला.

(पडद्यावर: जुन्या टपाल कचेरीचे चित्र)

1868 साली लंडनच्या मनीऑर्डर कचेरीत उंदरांनी कागदपत्रे कुरतडण्याचा उच्छाद मांडला होता. कचेरीच्या प्रमुखांनी तीन मांजरांच्या पोटासाठी आठवड्याला दोन शिलिंग मागितले. त्या सप्टेंबरात टपाल खात्याच्या सचिवांनी अर्जावर शेरा मारला, तो असा: तीन मांजरे उमेदवारीवर ठेवण्यास हरकत नाही, त्या माद्या असाव्यात, त्यांना फाजील खाऊ घालू नये, एका शिलिंगाहून अधिक मिळणार नाही, उरलेला मेहनताना त्यांनी उंदरांतून मिळवावा, आणि सहा महिन्यांत उंदीर कमी झाले नाहीत तर त्या शिलिंगातूनही कपात होईल. हे वाचताना हसू येते. तरीही ज्या जनावराकडून काम घ्यायचे त्याच्या अन्नाची जबाबदारी एका खात्याने लेखी पत्करली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. मांजरींनी काम चोख बजावले. 1873 मध्ये त्यांचा भत्ता दीड शिलिंग झाला आणि पुढे इतर टपाल कचेऱ्यांनीही हीच पद्धत उचलली.

(पडद्यावर: ब्रिटिश म्युझियमचे फाटक)

प्रत्येक मांजराचा खर्च खात्याने सोसला असे मात्र नाही. 1908 साली ब्रिटिश म्युझियममधल्या ब्लॅक जॅक नावाच्या बोक्याने तोंडात धरून आणलेले एक पिल्लू वॉलिस बज यांच्या पायाशी ठेवले. बज हे तिथल्या इजिप्तविषयक विभागाचे प्रमुख. त्यांच्या ताब्यातील वस्तूंत हजारो वर्षांपूर्वीच्या मांजरांच्या ममीही होत्या. त्या पिल्लाचे नाव माइक ठेवले गेले, आणि 1909 ते 1929 अशी वीस वर्षे त्याने मुख्य फाटक राखले. माइक कबुतरांना कोपऱ्यात गाठून खिळवून ठेवी, मग तिथला कर्मचारी येऊन ती जिवंत उचलून नेई आणि माइकला खाऊ देई. कबुतरांना दाणापाणी मिळून ती पुन्हा मोकळी होत. पहिल्या महायुद्धाच्या टंचाईतही बज यांनी माइकच्या अन्नाची सोय केली, आणि 1924 मध्ये निवृत्त झाल्यावरही त्याच्या खाण्याचा खर्च ते पदरचा देत राहिले. माइक मेल्यावर त्याच्यावर मृत्युलेख छापून आले.

(पडद्यावर: टिब्जचे छायाचित्र)

1950 साली जन्मलेला, टपाल खात्याच्या मुख्यालयातला टिब्ज हा या पगारी परंपरेतला सर्वांत नामांकित बोका. त्याला आठवड्याला अडीच शिलिंग मिळत, आणि त्याचे वजन 23 पौंडांवर, म्हणजे दहा किलोंहून अधिक गेले होते. चौदा वर्षांच्या नोकरीत त्याने मुख्यालयात उंदीर टिकू दिला नाही. 1964 च्या अखेरीस तो गेला, तेव्हा खात्याच्या मासिकाने त्याची निधनवार्ता छापली.

मुख्यालयातली शेवटची मांजर ब्लॅकी. 1984 च्या जून महिन्यात ती मेली, तेव्हा टपालाच्या कापडी गोण्यांची जागा उंदरांना सहजी न कुरतडता येणाऱ्या प्लॅस्टिकच्या गोण्या घेत होत्या, आणि तिच्या जागी दुसरी मांजर नेमली गेली नाही.