अंधार राखणारी गावं

मंडळी, तारे बघायला आलेल्या माणसाला मुक्काम करावाच लागतो. तारे दाखवून गावात पर्यटन उभं करायचं, हा आजचा विषय, आणि त्याचं सगळं अर्थकारण मला या एका गोष्टीत दिसतं. धबधब्यावर आलेली गाडी दोन तासांत फोटो काढून परत फिरते. मागे कचरा उरतो, गावाच्या हाती फारसं काही लागत नाही. तारे मात्र अंधार पडल्याशिवाय दिसत नाहीत. म्हणजे पाहुण्याला जेवण लागतं, अंथरूण लागतं, आणि ते देणारं घर गावातलंच असू शकतं.

लडाखमधल्या हानलेचं उदाहरण घ्या. तिथे सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवर भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वेधशाळा आहे. 2022 मध्ये तिच्या भोवतालचा 1,073 चौरस किलोमीटरचा परिसर 'डार्क स्काय रिझर्व्ह', म्हणजे रात्रीचा अंधार जपायचा राखीव परिसर, म्हणून घोषित झाला. आसपासच्या वस्त्यांमधल्या 24 जणांना प्रशिक्षण मिळालं, दुर्बिणी मिळाल्या. पाहुण्यांना शनीची कडी दाखवतात ती हीच माणसं. दुर्बीण गावकऱ्याच्या हातात आहे, हे मला सर्वांत मोलाचं वाटतं. बाहेरच्यांनी येऊन तंबू ठोकले, शहरातून गाइड आणले आणि गावातल्या पोरांना सामान उचलायला ठेवलं, तर त्याला मी गावाचं पर्यटन म्हणणार नाही.

आणि सांगायला गावाकडे काय कमी आहे? गोंड समाजात सप्तर्षीचा चौकोन म्हणजे म्हातारीची खाट, आणि मागचे तीन तारे म्हणजे चोर. ही गोष्ट ती लहानपणापासून ऐकलेल्या माणसानं त्या आकाशाखाली सांगावी. ऐकणारा ती विसरत नाही.

आता अंधाराबद्दल. अंधार राखायचा म्हणजे गाव काळोखात ठेवायचं, असा गैरसमज फार आहे. बाईमाणसाला रात्री वाटेवर उजेड हवाच. दिवा काढायचा नाही, त्याला टोपी घालायची. उजेड जमिनीवर पडला पाहिजे, आभाळात जाता कामा नये. बल्ब पांढराफटक नको, पिवळसर हवा. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा कमी तितका उजेड पिवळा; तो 3,000 केल्विन किंवा त्याहून कमी हवा. पेंच व्याघ्र प्रकल्पाला 2024 च्या जानेवारीत 'डार्क स्काय पार्क'चा दर्जा मिळाला, त्याआधी बफर भागातल्या, म्हणजे जंगलाच्या गाभ्याभोवतालच्या पट्ट्यातल्या, गावांमधले शंभरावर दिवे असेच बदलले गेले.

एका दिव्यानं काय बिघडतं, ते डोळ्याला विचारा. अंधाराला पुरतं सरावायला त्याला वीस ते तीस मिनिटं लागतात. हळूहळू आकाशगंगेचा पट्टा उमटू लागतो, त्यातल्या काळ्या भेगासुद्धा दिसू लागतात. तेवढ्यात कुणीतरी मोबाइल उघडतो, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावायचा, आणि गाड्या लांब उभ्या करायच्या. गर्दीला मर्यादा घालायची तीही याच कारणासाठी.

हा जोडधंदाच आहे, हेही सांगतो. पावसाळ्याचे महिने जातात, पौर्णिमेच्या आसपासच्या रात्री जातात. यासाठी शेती सोडू नका, कर्ज काढून कॉटेजेस बांधू नका. घरातली एक रिकामी खोली आणि नीट स्वच्छतागृह, एवढ्यावर सुरुवात होते.

त्याच्याही आधी एक करा. हिवाळ्यातल्या अमावास्येला गावातल्या पोरांना घेऊन माळावर जा. अर्धा तास गप्प बसा. मग मृगाच्या चार ताऱ्यांच्या चौकटीत किती तारे दिसतात ते प्रत्येकाला मोजायला सांगा आणि तारखेसकट वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच जागेवरून पुन्हा मोजा, म्हणजे गावाचा अंधार टिकला की नाही ते कळेल.