गढीची माती आणि तोफेची दारू

नमस्कार श्रोतेहो.

चिखलदऱ्याला आलेला माणूस गाविलगडावर जातो, तोफेवर हात ठेवून फोटो काढतो आणि खाली उतरतो. त्या तोफेत ठासायची ती दारू कुठून यायची, हे सहसा कोणी विचारत नाही. तोफ शतकानुशतकं पडून राहते. दारू करायची जागा मात्र ओळखू येत नाही, कारण तिथलं बहुतेक सामान गोठ्यातलं नि शेतातलंच.

शंभर भाग दारूत साधारण 75 भाग सोरा (मिठासारखा दिसणारा, आग भडकवणारा क्षार), 15 कोळसा, 10 गंधक. गंधक बाहेरून आणावा लागे. कोळसा हलका हवा, बाभळीचा जड कोळसा चालत नाही. तुरीच्या काड्यांचा कोळसा त्यासाठी नावाजलेला. हो, ज्या तुराट्या आपण धुऱ्यावर पेटवून मोकळे होतो, त्याच!

राहिला सोरा. गावातली पडकी गढी डोळ्यांसमोर आणा. पावसाळा सरला की भिंतीच्या बुडाशी पांढुरका लोणा फुलतो. ढोरांचं मूत, शेण, राख पिढ्यान् पिढ्या पांढरीत, म्हणजे गावठाणाच्या मातीत, मुरते आणि त्यातून सोरा तयार होतो. अशी माती खरवडून बुडाला भोकं असलेल्या मडक्यात भरायची, वरून पाणी सोडायचं. खाली गळालेलं पाणी राख घालून उकळायचं, निवलं की सुईसारखे खडे धरतात. पारख सोपी: निखाऱ्यावर मीठ नुसतं तडतडतं, सोरा निखाऱ्यालाच फुरफुरवतो.

हे तिन्ही जिन्नस एकत्र कुटणं मात्र जिवावरचं काम. माल ओलसर ठेवायचा, मुसळ लाकडाचं, लोखंड जवळ आणायचं नाही. शिवाय कोठ्या एकमेकींपासून लांब, एक उडाली तर दुसरी वाचावी म्हणून. इंग्लंडात वॉल्थम ॲबीचा दारूखाना सरकारने 1787 साली विकत घेतला. त्याच्या इमारती आजही झाडीत अशाच विखुरलेल्या दिसतात. आपल्या पुलगावच्या दारूगोळा डेपोचा पसारा एवढा मोठा का, त्यामागेही हाच हिशेब.

आता पुन्हा गाविलगड. डिसेंबर 1803 मध्ये इंग्रजांच्या कर्नल स्टीव्हनसनच्या फौजेने जड तोफा आणि सामान मेळघाटच्या दऱ्यांतून, स्वतःच वाट पाडत, हातांनी ओढून नेलं. 13 तारखेला मारा सुरू झाला, 15 तारखेला गड पडला. गडावर गेलात तर उत्तरेच्या तटाकडे जरूर फिरा. मुख्य मारा त्याच अंगाने झाला होता.