पलंगाच्या काठावरची चार मिनिटं

(दृश्य: आयसीयूतला एक बेड. मॉनिटरची टिकटिक.)

हे काका सहा दिवस झाले व्हेंटिलेटरवर आहेत. न्यूमोनिया झालाय, तोंडात नळी, मानेतल्या मोठ्या शिरेत औषधांची नळी (सेंट्रल लाईन), बेडला लघवीची पिशवी लटकलेली, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा. आणि आता चार जण मिळून त्यांना उठवून बसवणार आहेत, हो, नळी तोंडात असतानाच. पहिल्यांदा बघताना छातीत धस्स होतं, मलाही झालं होतं, वाटलं एवढ्या सिरियस माणसाला कशाला त्रास देताय, पडू द्या ना शांत.

आजारी माणूस म्हटलं की आपल्या तोंडून पहिलं हेच निघतं ना, पडून राहा, अजिबात उठायचं नाही. अगदी मायेने सांगतो आपण. पण नुसतं पडून राहिल्याने शरीराचं काय होतं ते ऐका.

१९६६ साली अमेरिकेत डॅलसला पाच तरुण पोरांना, विशीतली, धडधाकट, तीन आठवडे नुसतं बेडवर झोपवून ठेवलं होतं. जोरात व्यायाम करताना शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं हे मोजलं तर ते पाव हिश्श्याहून जास्त घसरलेलं. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना परत बोलावून तपासलं, तेव्हा सगळे पन्नाशीचे झाले होते, तरी तीस वर्षांच्या वयाने जेवढी ताकद नेली नव्हती त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांनी नेली होती!

आणि ती तर ठणठणीत पोरं होती. आयसीयूतल्या पेशंटचं वेगळंच, अंगात इन्फेक्शन पेटलेलं असतं, शरीर स्वतःचेच स्नायू तोडून खात असतं, त्यात झोपेची औषधं, त्यात हालचाल शून्य. लंडनमधल्या २०१३ च्या अभ्यासात अशा पेशंटच्या मांडीचा स्नायू सोनोग्राफीने मोजत गेले, दहा दिवसांत तो जवळजवळ १८ टक्के बारीक झाला, आणि ज्यांचे एकापेक्षा जास्त अवयव निकामी होत होते त्यांचा त्याहून जास्त. श्वासाचा मुख्य स्नायू, डायफ्रॅम, त्याचीही तीच गत. मशीनच सगळा श्वास देतंय म्हटल्यावर तो काम सोडतो. २००८ च्या एका अभ्यासात ज्यांचा डायफ्रॅम १८ ते ६९ तास पूर्ण बंद होता त्यांचे स्नायूतंतू निम्म्याहून बारीक झालेले सापडले. तास म्हणतोय मी, आठवडे नाही. मग मशीन काढायची वेळ येते तेव्हा फुफ्फुस बरं झालेलं असतं पण श्वास ओढायला जोर कुठून आणायचा?

नातेवाईकांना हे कोणी आधी सांगितलेलं नसतं. माणूस शुद्धीवर येतो, ओळखतो, डोळ्यांनी हसतो आणि चमचा उचलायला गेला तर हात वर येत नाही. घरच्यांना वाटतं लकवा मारला. डॉक्टर हातापायांचे १२ स्नायूगट तपासतात, प्रत्येकाला ० ते ५ मार्क, एकूण ६०. त्यात ४८ च्या खाली आलं तर त्याला आयसीयूत आलेला अशक्तपणा म्हणतात. तो भरून यायला कधी महिने लागतात, कधी वर्षं, कधी पूर्ण भरून येतच नाही. जीव वाचला, पण बाथरूमपर्यंत कसं जायचं, हा प्रश्न घरी गेल्यावर सुरू होतो.

(दृश्य: फिजिओ बेडजवळ वाकलेली.)

"काका, डोळे उघडा, माझ्याकडे बघा. आता आपण बसायचंय. मी धरलंय तुम्हाला."

नीट बघा आता, एक सिस्टर फक्त नळी धरून उभी आहे, तिचं दुसरं कुठलंच काम नाही. दुसरीने सलाईनच्या नळ्या एका बाजूला घेतल्या, लघवीची पिशवी त्याच बाजूला आणली. एक जण पाठीमागे. काकांना कुशीवर वळवलं, पाय खाली सोडले, खांदा उचलला. बसले! मान लगेच पुढे पडली. "मान वर, काका, वर बघा." दोन बोटं वर आली, परत पडली, परत वर. बीपी थोडं उतरलं, इतके दिवस आडवं राहिलं की उठल्यावर उतरतंच, सगळ्यांचे डोळे मॉनिटरवर. थांबले, वाट बघितली, आकडा स्थिर झाला. चार मिनिटं झाली आणि परत झोपवलं.

एवढ्याने काय होतं? २००९ मध्ये शिकागो आणि आयोवाच्या डॉक्टरांनी १०४ पेशंटवर हेच करून बघितलं, रोज झोपेचं औषध काही वेळ थांबवायचं आणि व्हेंटिलेटरच्या पहिल्या दोनतीन दिवसांतच फिजिओथेरपी सुरू करायची. डिस्चार्जच्या वेळी स्वतःची आंघोळ, कपडे, चालणं स्वतः करू शकणारे लवकर हलवलेल्यांत ५९ टक्के होते, नेहमीची काळजी मिळालेल्या दुसऱ्या गटात ३५. भ्रमात जायचे दिवसही अर्धे झाले, चारावरून दोन.

पण म्हणून रेटून उठवायचं असं नाही, हे मला मुद्दाम सांगायचंय. २०२२ मध्ये सहा देशांतल्या ७५० पेशंटचा अभ्यास आला, त्यात एका गटाला नेहमीपेक्षा जास्त आणि जोरात हलवलं, तर फायदा काही जास्त झाला नाही, उलट हृदयाचे ठोके बिघडणं, ऑक्सिजन उतरणं असे प्रकार वाढले. काही जण यावरून म्हणतात बघा, गरजच नाही. मला ते पटत नाही, कारण दुसरा गट काही नुसता झोपून नव्हता, त्यांनाही रोजची फिजिओ होतीच. औषधाचा डोस असतो तसा हालचालीचाही असतो, आणि तो त्या दिवशीचा पेशंट बघूनच ठरतो. ज्या दिवशी बीपी टिकवून ठेवायची औषधं वाढवावी लागतायत त्या दिवशी बसवायचं नाही, बेडवरच हातपाय वळवायचे, घोटे फिरवायचे.

(दृश्य: काकांची मुलगी आत येते.)

फिजिओने तिला काम दिलंय. भेटीच्या वेळात बाबांना चष्मा लावायचा, आज काय वार आहे ते सांगायचं आणि हात हातात घेऊन दहा वेळा दाबायला लावायचं. ती मोजतेय. सातव्याला थांबले, डोळे मिटले. ती घाबरून मागे बघते.

"असू द्या ताई, काल तीनच झाले होते."