दिवाळीनंतरची हजेरी

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपली की बीडकडच्या गुरुजींना हजेरी घ्यायला वेळ लागत नाही. नाव पुकारायचं, उत्तर येत नाही, पुढचं पुकारायचं. शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणीकडची गावं तोवर ओस पडलेली असतात. माणसं ऊसतोडीला सांगली-कोल्हापूरकडं, कर्नाटकात गेलेली. परततात ती गुढीपाडव्याच्या आसपास. म्हणजे पोरांचं दुसरं सत्र गेलंच.

मी या भागात शिकवायला लागलो तेव्हा म्हणायचो, यांना शिक्षणाची किंमतच नाही. मजुरांची टोळी जमवणाऱ्या मुकादमाचा हिशेब कळला आणि तोंड बंद झालं. नवराबायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, दोघांच्या अंगावर. बाई मागं राहिली तर अर्धा कोयता, त्याला उचल कोण देणार? खाडा केला तर पैसे कापतात. मग तान्हं पोर सोबत न्यायचं, आणि त्याला सांभाळायला थोरली.

अशाच एका थोरलीला, माझ्या चौथीतल्या मुलीला, मी साखर कारखान्याच्या तळावर, मजुरांच्या वस्तीत भेटलो. आईबाप पहाटेच फडात गेलेले. कोपीत, म्हणजे त्यांच्या झोपडीत, झोळी टांगलेली, झोळीची दोरी हिच्या पायाच्या अंगठ्याला. पायानं भावाला झोका द्यायचा, हातानं भाकरी थापायची. मला बघून पहिलं काय विचारलं, तर "गुरुजी, माझं नाव काटलं का?"

नाव काटलं नव्हतं. पटावर होतं. आमच्या कागदावर ती शाळेतच होती.

तेव्हा कारखान्याजवळच्या गावांतल्या श्रोत्यांना आधी सांगतो. स्थलांतर करणाऱ्या मुलाला गावची शाळा शिक्षण हमी कार्ड देते, ते दाखवून जवळच्या शाळेत बसता येतं. आणि कार्ड नसलं, दाखला नसला, तरी त्यासाठी प्रवेश अडवता येत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात तसं स्पष्ट आहे. तळावरच्या आईला हे ठाऊक नसतं. तुम्ही त्या पोराचा हात धरून मुख्याध्यापकांपुढं उभे राहिलात तरी पुष्कळ.

पण खरा उपाय गावात आहे. आजी-आजोबा मागं असतातच. आजीला दिसत नाही, दोन वेळचं रांधून घालणं होत नाही, एवढ्यासाठी पोर गाडीत चढतं. हंगामी वसतिगृह म्हणजे नेमकं हेच: सकाळ-संध्याकाळ शाळेत जेवायचं, रात्री आजीजवळ झोपायचं. 2021 मध्ये सरकारनं संत भगवानबाबांच्या नावानं 41 तालुक्यांत 82 निवासी वसतिगृहांची योजना केली. मोठ्या मुलांना ती हवीतच. सहा वर्षांचं पोर मात्र तालुक्याला राहत नाही हो!

वयात आलेल्या मुलीचं दुखणं वेगळं. तिला म्हाताऱ्यांच्या भरवशावर ठेवायला आई धजत नाही. लग्न उरकलं की नवा कोयताही तयार होतो. तिला राहायला भिंतींचं, बाई अधीक्षक असलेलं वसतिगृहच लागतं, नुसतं ताट पुरत नाही.

आणि हे सगळं वेळेत हवं. दसरा झाला की गाड्या भरायला लागतात. डिसेंबरात मंजुरी आली तर जेवायला पोरं कुठली? शाळा व्यवस्थापन समितीतले कुणी ऐकत असाल तर पोळ्यालाच घरोघर जा. कोण जाणार, कुणाची आजी मागं राहणार, यादी करा आणि हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव पंचायत समितीत देऊन पोच घ्या.

नमस्कार.