गाडी आरटीओची, बोट सागरी मंडळाची

नमस्कार मंडळी. दाभोळहून धोपाव्याला जाणाऱ्या फेरीबोटीत कधी गाडी घातलीय? वाशिष्ठी खाडीच्या या काठाला दापोली तालुका, पलीकडे गुहागर. एमएच ०८ नंबरची गाडी खडखडत रॅम्प चढते. खलाशी हातानं खुणा करत तिला इंच-इंच पुढे घेतो, ‘हँडब्रेक ओढा’ म्हणतो, आणि बोट काठ सोडते.

आता त्या गाडीच्या टायरकडे बघा. टायरच्या वर एका खात्याचं राज्य, टायरच्या खाली दुसऱ्याचं. गाडीची नोंदणी, टॅक्स, चालकाचं लायसन हे सगळं मोटार वाहन विभागाचं, म्हणजे आपण ज्याला आरटीओ म्हणतो त्याचं. टायरखालची बोट, ती हाकणारा सारंग आणि ती जिथं लागते ती जेट्टी, हे महाराष्ट्र सागरी मंडळाचं. दोन्ही राज्य सरकारची. मंत्रालयात तर परिवहन आणि बंदरं हे विषय वर्षानुवर्षं गृह विभागाच्या एकाच शाखेत राहिले.

पण सगळी बंदरं राज्याची नाहीत आणि गोंधळ नेमका इथं होतो. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत ‘महाबंदरं’ केंद्राच्या सूचीत आहेत, बाकीची बंदरं समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या. मुंबई बंदर आणि न्हावा-शेव्याचं जवाहरलाल नेहरू बंदर (त्याचं प्राधिकरण म्हणजे जेएनपीए) ही केंद्राची. आता पालघर जिल्ह्यातलं वाढवण बंदरही त्याच यादीत, पण तिथं राज्याची भागीदारी आहे: जेएनपीएचा वाटा ७४ टक्के, सागरी मंडळाचा २६. उरलेली ४८ ‘लहान’ बंदरं सागरी मंडळ बघतं. या ‘लहान’ शब्दावर जाऊ नका. जयगडला कोळशाची अजस्र जहाजं लागतात, तरी कायद्याच्या भाषेत ते लहानच, कारण हा फरक आकाराचा नाही, अधिकाराचा आहे. म्हणून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाताना तुम्ही केंद्राच्या धक्क्यावर चढता आणि राज्याच्या जेट्टीवर उतरता.

सागरी मंडळ १९९६च्या कायद्यानं आलं. वांद्रे, मोरा, राजपुरी, रत्नागिरी आणि वेंगुर्ला असे त्याचे पाच बंदर समूह. प्रत्येकाला प्रादेशिक बंदर अधिकारी, त्यांच्या हाताखाली बंदर निरीक्षक. माझ्या मते या सगळ्या यंत्रणेत आपल्या जिवाशी सर्वांत जवळचा माणूस हा निरीक्षकच. प्रवासी बोटीची तपासणी होते ती अशी: बोट पाण्याबाहेर ओढून तळ बघायचा, इंजिन, बिल्ज पंप (तळात साचलेलं पाणी उपसणारा), आग विझवायची साधनं, लाइफ जॅकेट मोजायची, आणि मग सर्वेक्षण प्रमाणपत्र द्यायचं. त्यावर एक आकडा असतो, जास्तीत जास्त किती माणसं घ्यायची तो. बोटीवर चढलात की आधी तो आकडा शोधा. मी एकदा एका लाँचवर शोधला, तर जॅकेटांच्या गठ्ठ्यामागे झाकलेला होता, आणि त्या गठ्ठ्याला अशी गाठ मारलेली की घाईत कुणालाच सुटली नसती. १८ डिसेंबर २०२४ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि १५ जीव गेले. त्यानंतर तिथल्या बोटींवर जॅकेट अंगात घालायची सक्ती झाली. ते आधीच व्हायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

आणि बावटा! हवामान खात्याची सूचना आली की बंदर कार्यालयाच्या खांबावर इशारा चढतो. ‘तीन नंबरचा बावटा लागलाय’ म्हटलं की कोकणात आजही होड्या पाण्यात घालत नाहीत.

आता गाडीकडे येऊ. इथली रचना तुमच्या ओळखीची आहे, म्हणून पटकन सांगतो. कायदा केंद्राचा, १९८८चा मोटार वाहन कायदा. राबवणारा राज्याचा परिवहन आयुक्त आणि त्याची आरटीओ कार्यालयं. गाड्यांवरचा टॅक्स मात्र निव्वळ राज्याचा विषय, म्हणून तीच गाडी दुसऱ्या राज्यात वेगळ्या किमतीला पडते. रिक्षा-टॅक्सीचं भाडंही राज्याची प्राधिकरणं ठरवतात: मुंबईत १ फेब्रुवारी २०२५पासून रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये झालं, ते असंच.

एक गैरसमज मात्र काढून टाका. चौकात पावती फाडणारा वाहतूक पोलीस आणि आरटीओ एक नाहीत. पोलीस दंड करतो. परमिट किंवा लायसन रद्द करायचं तर ते आरटीओकडे. आणि बोटीच्या सर्वेक्षणाचं गाडीतलं भावंड म्हणजे पासिंग, म्हणजेच फिटनेसची तपासणी. ट्रक, बस, रिक्षा आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. तुमचं मूल ज्या स्कूलबसनं जातं तिचं फिटनेस कधी संपतंय, हे नंबर टाकून एमपरिवहन ॲपवर बघता येतं. आज बघा.

तक्रार करायची वेळ आली तर आधी ठरवा, गोष्ट टायरच्या वरची की खालची. रिक्षावाल्यानं जादा पैसे घेतले, बस खचाखच भरली: गाडीचा नंबर, वेळ, ठिकाण लिहून आरटीओकडे. बोटीत जास्त माणसं भरली, जॅकेट नाहीत, जेट्टीचा कठडा तुटलाय: बोटीचं नाव, बाजूला रंगवलेला नोंदणी क्रमांक, सुटायची वेळ लिहून बंदर निरीक्षकाकडे, आणि प्रत प्रादेशिक बंदर अधिकाऱ्याला. तोंडी सांगून येऊ नका. अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या.