पार्क स्ट्रीटवरचं बाकडं

(दृश्य : सकाळ. शाळेचा दर्शनी भाग, कॅमेरा हळूहळू दारावरच्या पुतळ्यांकडे)

निवेदन :

लिटल रॉक. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्याची राजधानी. समोर दिसतेय ती अवाढव्य इमारत सेंट्रल हायस्कूलची. १९२७ साली बांधून झाली, खर्च आला १५ लाख डॉलर. दारावर चार पुतळे आहेत : महत्त्वाकांक्षा, व्यक्तिमत्त्व, संधी आणि तयारी. पहिली तीस वर्षं या 'संधी'च्या खालून फक्त गोरी मुलं आत गेली.

काळ्या मुलांसाठी दोन वर्षांनी वेगळी शाळा उभी राहिली, डनबार हायस्कूल. खर्च ४ लाख. पुस्तकं बहुतेक गोऱ्या शाळांनी वापरून झालेली.

१७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : रंगावरून वेगळ्या शाळा घटनेत बसत नाहीत. लिटल रॉकच्या शिक्षण मंडळाने तो मान्य केला, पण बेताबेतानं. सुरुवात १९५७ मध्ये, एकाच शाळेत, चाळणी लावून निवडलेल्या मोजक्या मुलांपासून. अखेर नऊजण उरले. त्यांना वर्गात बसायची परवानगी होती. खेळाच्या संघात, गायनात, शाळेच्या मंडळांत मात्र जागा नव्हती.

(दृश्य : कृष्णधवल छायाचित्र. काळा चष्मा लावलेली मुलगी, हातात वही)

आता ४ सप्टेंबर १९५७. राज्यपाल ऑर्व्हल फॉबस यांनी शाळेभोवती नॅशनल गार्डचे, म्हणजे राज्याच्या राखीव सैन्याचे, जवान उभे केलेत. आदल्या रात्री डेझी बेट्स यांनी मुलांच्या घरी फोन फिरवले : एकेकटे जाऊ नका, सगळे मिळून जाऊ. बेट्स या वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या संघटनेच्या राज्यातल्या अध्यक्षा.

एलिझाबेथ एकफर्डच्या घरी फोन नव्हता.

नऊजणांपैकीच ती, पंधरा वर्षांची. नव्या शाळेसाठी पांढरा फ्रॉक तिनं स्वतः शिवला होता, खाली चौकड्यांचा घेर लावून. बसमधून उतरून ती एकटीच चालत निघाली. जवान गोऱ्या मुलांना वाट देत होते. तिला वाटलं, हे आपल्या रक्षणासाठीच आलेत. ती जवळ गेली आणि बंदुका आडव्या आल्या. मागं वळली तर जमाव.

मग ती चालत राहिली, पार्क स्ट्रीटच्या पुढच्या कोपऱ्यावरच्या बसथांब्यापर्यंत. अंतर फार नाही. पण मागून शिव्या देत, ओरडत माणसं येत असताना ते किती लांब वाटलं असेल! थांब्यावरच्या बाकड्यावर ती बसली. न्यूयॉर्क टाइम्सचे बेंजामिन फाइन शेजारी येऊन बसले. रडू नकोस, रडलेलं यांना दिसू देऊ नकोस, असं ते तिला म्हणाले. ग्रेस लॉर्च नावाच्या एका गोऱ्या बाईनं तिला बसमध्ये चढवलं. एलिझाबेथ घरी गेली नाही, आईच्या कामाच्या ठिकाणी गेली.

पुढचं साऱ्या जगानं पाहिलं. न्यायालयाच्या आदेशानंतर राज्यपालांनी जवान हटवले आणि २३ सप्टेंबरला नऊही मुलं बाजूच्या दारानं आत गेली. बाहेरचा जमाव आवरेना म्हणून दुपारच्या आत त्यांना बाहेर काढावं लागलं. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी लष्कर पाठवलं, आणि २५ तारखेला संगिनी लावलेल्या जवानांच्या पहाऱ्यात नऊजण पुढच्या दारानं वर गेले.

माहितीपट सहसा इथंच संपतात. खरं वर्ष इथून सुरू झालं. जवान वर्गाच्या दारापर्यंत येत. वर्गात, स्वच्छतागृहात नाही. डिसेंबरात, जेवणाच्या सुट्टीत, नऊजणांतली मिनिजीन ब्राउन ताट घेऊन चालली असता मुलांनी वाटेत खुर्च्या सरकवल्या. तिच्या हातची चिलीची (मांस-राजम्याच्या तिखट रश्शाची) वाटी दोन मुलांच्या अंगावर सांडली. तिला निलंबित केलं, आणि फेब्रुवारीत शाळेतून काढूनच टाकलं. लगेच शाळेत चिठ्ठ्या फिरल्या : एक गेली, आठ उरले.

मे १९५८ मध्ये नऊजणांतला अर्नेस्ट ग्रीन पदवी घ्यायला मंचावर गेला. त्याच्या आधी प्रत्येक नावाला टाळ्या पडल्या होत्या. त्याच्या नावाला पडल्या नाहीत. प्रेक्षकांत त्याच्या घरच्यांसोबत मार्टिन ल्यूथर किंग बसले होते.

त्यानंतर राज्यपालांनी शहरातली चारही सरकारी हायस्कूलं वर्षभर बंद ठेवली. गोऱ्यांची आणि काळ्यांचीही. साडेतीन हजारांवर मुलं घरी बसली किंवा परगावी गेली. फुटबॉलचे सामने मात्र झाले. शाळा बंद, संघ मैदानात! शिक्षकांपैकी ४४ जणांना काढून टाकायचा प्रयत्न झाला, तेव्हा कुठं शहरातली गप्प बसलेली माणसं शिक्षण मंडळातल्या वर्णभेदवाद्यांना हटवायला मतदानाला उतरली.

१९५९ च्या ऑगस्टमध्ये शाळा उघडली. नऊजणांतली कार्लोटा वॉल्स परत आली. १९६० च्या फेब्रुवारीत तिच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. त्याच वर्षी ती सेंट्रलमधून पदवी घेऊन बाहेर पडली. एलिझाबेथ मात्र या शाळेची पदवीधर कधीच झाली नाही.

(दृश्य : समोरचा जुना पेट्रोल पंप, मग रस्त्याचा कोपरा)

१९९८ पासून हा परिसर राष्ट्रीय स्मारक आहे. या पेट्रोल पंपावरच्या फोनवरून तेव्हा पत्रकार बातम्या कळवत. आज तो १९५७ सारखाच राखलाय. शाळा मात्र अजून भरते. त्यामुळे आत जायचं तर आधी नाव नोंदवून, स्मारकाच्या रेंजरसोबतच (माहिती देणाऱ्या कर्मचाऱ्यासोबतच).

त्या कोपऱ्यावर पुन्हा एक बाकडं आहे, जुन्या बाकड्याची प्रतिकृती. ४ सप्टेंबर २०१८ रोजी ते तिथं बसवलं गेलं. त्यासाठी खटपट करणाऱ्यांत सेंट्रल हायस्कूलचीच मुलं होती.